चित्ता : नाव भारतीय, प्राणी आफ्रिकी
खास प्रतिनिधी

मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यातील कुनो राष्ट्रीय उद्यानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते सोडण्यात आले, तेव्हा ‘चित्ता भारतात परतला’ अशा मथळ्यांनी देशभरातील वृत्तपत्रांची पाने सजली होती. त्यानंतर १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा चित्ते आले. या प्रकल्पाचे यशापयश, चित्त्यांचे मृत्यू, पिलांचे जन्म यांवर तेव्हापासून भरपूर चर्चा झाली आहे. मात्र ‘परतला’ या क्रियापदाविषयी आणि त्याचा कर्ता असलेल्या ‘चित्ता’ या शब्दाविषयी फारसे कोणी बोलले नाही. वास्तविक प्रकल्पाभोवतीच्या निम्म्याअधिक वादांचे मूळ याच एका शब्दात आहे. भारताने हा शब्द जगाला दिला, प्राणी गमावला आणि अखेर त्याच नावाचा प्राणी दुसऱ्या खंडातून आणला. नाव एकच असले तरी त्यामागचा प्राणी तोच आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापासून कुनोच्या सीमेवरील खेड्यांपर्यंत वेगवेगळ्या स्वरूपात विचारला गेला. म्हणूनच या शब्दाचा अर्थ आणि त्याचा प्रवास समजून घेणे केवळ भाषाभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

‘चित्र’ ते ‘चित्ता’

चित्ता हा शब्द संस्कृतमधील ‘चित्रक’ या शब्दापासून आला, यावर कोशकारांचे सर्वसाधारण एकमत आहे. ‘चित्र’ या विशेषणाचा मूळ अर्थ ठळक, उठून दिसणारे, तेजस्वी असा होता. पुढे त्याला रंगीबेरंगी, ठिपकेदार, नक्षीदार हे अर्थ प्राप्त झाले. आपण आज ज्याला चित्र म्हणतो, तो अर्थ त्याच ओघात आला. ‘चित्रक’ म्हणजे ठिपकेदार आणि ‘चित्रकाय’ म्हणजे ज्याची काया चित्रित आहे असा. प्राकृतात ‘त्र’चा ‘त्त’ होतो. पुत्रचा पुत्त आणि मित्रचा मित्त झाला, तसा चित्रचा चित्त झाला. हिंदीने पुढे एक त गाळून आधीचा स्वर दीर्घ केला आणि पुत्तचे ‘पूत’ व्हावे तसे ‘चीता’ हे रूप घेतले. मराठी आणि गुजराती रूपांत मात्र दोन्ही त कायम राहिले.

मन या अर्थाचा ‘चित्त’ आणि हा ‘चित्ता’ यांचा संबंध काय, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. दोन्ही शब्दांचा उगम ‘चित्’ या धातूपर्यंत नेता येतो. या धातूचा अर्थ जाणणे, लक्षात येणे असा आहे. जे जाणते ते चित्त आणि जे चटकन लक्षात येते ते चित्र, अशा दोन वेगळ्या वाटांनी हे शब्द घडले. चित्त्याचा वंश त्यांपैकी दुसऱ्या वाटेवरचा. या कुळातील इतर शब्दही मराठीत नांदत आहेत. अंगावर पांढरे ठिपके असलेले हरीण म्हणजे चितळ, चित्रे रंगवणारा तो चितारी आणि आयुर्वेदात वापरली जाणारी औषधी वनस्पती म्हणजे चित्रक. हिंदीत या वनस्पतीलाही ‘चीता’ म्हटले जाते.

या व्युत्पत्तीतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. ‘चित्ता’ हे मुळात एका विशिष्ट प्राण्याचे नाव नव्हते, ते एक वर्णन होते. ज्याच्या अंगावर ठिपके आहेत तो चित्रक. संस्कृत वाङ्मयात चित्रक आणि चित्रकाय हे शब्द बिबट्यासाठीच नव्हे, तर वाघासाठीही आढळतात. ‘द्वीपी’ या शब्दाचेही तसेच आहे. ज्याच्या अंगावर बेटांसारखे ठिपके आहेत तो द्वीपी. अमरकोशात हा शब्द वाघाच्या नावांत येतो, इतरत्र तो बिबट्यासाठी वापरला जातो आणि गुजरातीत बिबट्यासाठी रूढ असलेला ‘दीपडो’ हा शब्दही त्यापासूनच आला आहे. थोडक्यात, ठिपक्यांवरून नाव देण्याची पद्धत जुनी असली तरी ते ठिपके नेमके कोणाचे, हे त्या नावात सांगितलेले नसे.

एक नाव, दोन प्राणी

हा संदिग्धपणा आधुनिक भाषांतही उतरला. मराठीत ‘बिबट्या’ आणि ‘चित्ता’ हे दोन शब्द बऱ्यापैकी वेगळे राहिले. तथापि, ग्रामीण भागात बिबट्याला सरसकट ‘वाघ’ म्हटले जाते आणि म्हणूनच खऱ्या वाघासाठी ‘ढाण्या वाघ’ किंवा ‘पट्टेरी वाघ’ असे विशेषण जोडून बोलावे लागते. हिंदीत बिबट्यासाठी ‘तेंदुआ’ हा स्वतंत्र शब्द असूनही बोलीभाषेत त्याला ‘चीता’ म्हणणारे असंख्य आहेत. बंगालीत तर ‘चिताबाघ’ म्हणजे थेट बिबट्याच. त्यामुळे आफ्रिकेतील प्राण्याविषयी लिहिताना बंगाली पत्रकाराला केवळ ‘चिता’ लिहून भेद करावा लागतो. याउलट तमिळमध्ये बिबट्याला ‘सिरुत्तै’ आणि चित्त्याला ‘सिविंगी’ असे वेगळे शब्द आहेत.

प्रत्यक्षात हे दोन्ही प्राणी एकमेकांपासून बरेच भिन्न आहेत. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांचे पुंजके असतात, पाकळ्या वर्तुळात मांडाव्यात तसे. चित्त्याच्या अंगावरील ठिपके सुटे, भरीव आणि गोल असतात. त्याच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंच्या ओघळांसारख्या दोन काळ्या रेषा उतरतात. बिबट्या दबा धरून बसतो, झाडावर चढतो, उसाच्या फडातही राहू शकतो. चित्ता सडपातळ, लांब पायांचा, उघड्या मैदानात वेगाने पाठलाग करणारा. बिबट्याप्रमाणे त्याला नखे पूर्णपणे आत ओढून घेता येत नाहीत. शास्त्रीय नावातील ‘ॲसिनोनिक्स’ या शब्दाचा अर्थही न हलणाऱ्या नखांचा असाच आहे. चित्ता माणसावर सहसा हल्ला करत नाही. बिबट्याबाबत तशी ग्वाही देता येत नाही, हे जुन्नर परिसरातील शेतकऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

नावांच्या या सरमिसळीचा फटका इतिहासालाही बसला. ब्रिटिश काळातील शिकारीच्या नोंदींत ‘लेपर्ड’, ‘पँथर’, ‘हंटिंग लेपर्ड’ आणि ‘चीता’ हे शब्द इतक्या सैलपणे वापरले गेले आहेत, की कोणत्या नोंदीतील प्राणी खरोखर चित्ता होता, हे दरवेळी संदर्भावरूनच ठरवावे लागते. काळविटामागे धावणारा, शिकारीसाठी पाळलेला असा उल्लेख असेल तर तो चित्ता, झाडावरून उडी मारणारा असेल तर बिबट्या, अशी ही कसरत आहे. दिव्यभानुसिंह यांनी ‘द एंड ऑफ अ ट्रेल’ हा भारतातील चित्त्याच्या इतिहासावरील ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. दरबारी कागद, चित्रे, शिकारीच्या नोंदी असे विखुरलेले साहित्य त्यासाठी त्यांना तपासावे लागले. देशात चित्ता कोठे आणि किती होता, या प्रश्नाचे उत्तर अशा छाननीवर अवलंबून आहे.

शब्द गेला सातासमुद्रापार

इंग्रजीतील ‘चीता’ हा शब्द हिंदीतून गेला आहे. अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश असलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ने १८८६ मध्ये त्याची व्युत्पत्ती चित्रक आणि चित्रकाय या संस्कृत शब्दांपासून दिली होती. युरोपातील इतर भाषांनी मात्र आपापली नावे वापरली. फ्रेंचमध्ये तो ‘गेपार’ आहे, जर्मनमध्ये ‘गेपार्ड’. आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत त्याला ‘दुमा’ म्हणतात, तर इराणमध्ये तो ‘यूज’ आहे. म्हणजे ज्या आफ्रिकेत हा प्राणी आज प्रामुख्याने उरला आहे, तेथील स्थानिक नाव जगाने स्वीकारले नाही. भारतातील नाव मात्र इंग्रजीच्या वाटेने जगभर पसरले.

यामागचे कारण म्हणजे भारतातील शिकारीची परंपरा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्त्याकरवी शिकार करण्याचे वर्णन आढळते. मोगल काळात हा छंद शिगेला पोहोचला. अकबराकडे एका वेळी हजार चित्ते होते, असे जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. पाळलेले चित्ते पिंजऱ्यात जोडी जमवत नाहीत, असा अनुभव असताना आपल्या कारकिर्दीत एका जोडीला तीन पिले झाल्याचेही त्याने आवर्जून लिहिले. बंदिवासातील चित्त्यांच्या प्रजननाची यानंतरची नोंद थेट १९५६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयात झाली. मधल्या सुमारे साडेतीन शतकांत दरबारी शिकारीसाठी लागणारा प्रत्येक चित्ता रानातून पकडूनच आणावा लागत होता. चित्त्यांची संख्या घटण्याची कारणे शोधताना हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा थेट संबंध कोल्हापूरमार्गे येतो. चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याचा शौक विसाव्या शतकातही जपणाऱ्या मोजक्या संस्थानांत कोल्हापूरचा समावेश होता. त्यांची निगा राखणाऱ्या आणि त्यांना शिकवणाऱ्या चित्तेवानांच्या आठवणी या शहरात आजही निघतात. मात्र तोपर्यंत भारतीय चित्ते मिळेनासे झाले होते. त्यामुळे कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. म्हणजे ‘चित्ता’ या भारतीय नावाने आफ्रिकी प्राणी येथे आणण्याची सुरुवात २०२२ मध्ये झाली, असे म्हणता येणार नाही. स्वातंत्र्यापूर्वीच ती झाली होती. फरक एवढाच, की तेव्हा हेतू शिकारीचा होता आणि आता संवर्धनाचा आहे.

आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ मध्ये तीन चित्त्यांची शिकार केली. भारतातील चित्त्यांची ती अखेरची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले.

कायद्यात उरलेले नाव

प्राणी गेला तरी शब्द गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत चित्त्याचे नाव होते. देशात एकही चित्ता मोकळा नसताना त्याला कायद्याचे कवच मिळाले होते. सत्तरच्या दशकात इराणकडून आशियाई चित्ते मिळवण्यासाठी बोलणी झाली, पण ती तडीस गेली नाहीत. पुढे इराणमधील चित्त्यांची संख्याच इतकी रोडावली, की तेथून प्राणी मागणे अशक्य झाले. त्यामुळे २००९ नंतर पुढे आलेल्या प्रस्तावात आफ्रिकी चित्त्यांचा पर्याय निवडण्यात आला.

येथे शब्दाचा प्रश्न कायद्याच्या दारात येऊन उभा राहिला. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही चित्ते एकाच जातीचे आहेत, मात्र त्यांच्या उपजाती वेगळ्या आहेत. आशियाई उपजातीचे नाव ‘व्हेनॅटिकस’, म्हणजे शिकारीचा. या उपजाती एकमेकांपासून कधी विभक्त झाल्या, याविषयीचे अंदाज काही हजार वर्षांपासून काही दशसहस्र वर्षांपर्यंत भिन्न आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी गीरच्या सिंहांविषयीच्या प्रकरणात निकाल देताना आफ्रिकी चित्ते कुनोत आणण्याचा केंद्राचा निर्णय रद्द ठरवला. आफ्रिकी चित्ता भारतात कधीच नव्हता, त्यामुळे त्याला आणणे म्हणजे मूळ प्राण्याची पुनर्स्थापना नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती. गीरमधील काही सिंह कुनोत हलवावेत, असा आदेशही त्याच निकालात देण्यात आला. सिंहांसाठी कुनोतील २४ गावे आधीच उठवण्यात आली होती. २८ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने तज्ज्ञ समितीच्या देखरेखीखाली प्रायोगिक तत्त्वावर आफ्रिकी चित्ते आणण्यास परवानगी दिली. सिंह मात्र गीरमधून कुनोत आले नाहीत.

‘पुनर्स्थापना’ की ‘नव्याने स्थापना’, हा वाद वरकरणी शब्दच्छलाचा वाटेल. पण त्यावर बरेच काही अवलंबून होते. पुनर्स्थापना म्हटली, की प्राण्याचा या भूमीवरचा हक्क आपोआप मान्य होतो. परदेशी प्राण्याची नव्याने स्थापना म्हटली, की त्याचे येथील हवामानाशी, भक्ष्याशी आणि रोगांशी जमेल का, हे आधी सिद्ध करावे लागते. २०२३ मधील घटनांनी हा मुद्दा अधोरेखित केला. त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट या काळात सहा प्रौढ चित्ते आणि तीन पिले दगावली. कारणे वेगवेगळी होती. मूत्रपिंडाचा विकार, मीलनाच्या वेळी झालेल्या जखमा, पिलांच्या बाबतीत तीव्र उन्हाळा. काही मृत्यूंच्या संदर्भात तज्ज्ञांनी एक विलक्षण बाब मांडली. दक्षिण गोलार्धातील हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. या चित्त्यांच्या शरीराने जून ते सप्टेंबर या आफ्रिकी हिवाळ्यासाठी दाट केस वाढवले आणि भारतातील दमट पावसात त्याखालची त्वचा ओली राहून जखमा व संसर्ग झाला. नाव भारतीय असले तरी शरीराचे पंचांग आफ्रिकी होते.

त्याचबरोबर दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मार्च २०२३ मध्ये कुनोत जन्मलेल्या चार पिलांपैकी एकटी वाचलेली ‘मुखी’ मोठी झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने पाच पिलांना जन्म दिला. या पिलांची आईही भारतातच जन्मलेली आहे. एप्रिल २०२५ मध्ये दोन चित्ते मध्य प्रदेशातीलच गांधीसागर अभयारण्यात नेण्यात आले. प्रकल्पाचे अंतिम मूल्यमापन करण्याची वेळ अद्याप आलेली नाही. मात्र पिढ्या येथेच जन्मू लागल्या, की ‘आफ्रिकी’ आणि ‘भारतीय’ या विशेषणांचा अर्थही हळूहळू बदलू लागेल, हे नाकारता येत नाही.

गावकऱ्यांचा चीता

कुनोच्या परिसरात या शब्दाला वेगळाच भार आहे. तेथे बिबट्यांची संख्या मोठी आहे आणि बोलीत त्यांनाही ‘चीता’ म्हणण्याची सवय आहे. शेळ्या उचलून नेणाऱ्या प्राण्याच्या नावाचाच आणखी एक प्राणी सरकार विमानाने आणून सोडणार, असे कळल्यावर गावकऱ्यांच्या मनात भीती उभी राहणे साहजिक होते. वन विभागाने आसपासच्या गावांतून चारशेहून अधिक ‘चीता मित्र’ नेमले. चित्ता आणि बिबट्या यांतील फरक लोकांना समजावून सांगणे हे त्यांच्या प्रमुख कामांपैकी एक होते. प्राणी आणण्याआधी त्याच्या नावाचा अर्थ गावोगाव सांगावा लागला, असे हे बहुधा विरळ उदाहरण असेल.

ही गरज किती खरी होती, हे २०२५ च्या मार्चअखेरीस दिसले. उद्यानाबाहेर पडून वासरावर झडप घालणाऱ्या मादी चित्त्यावर आणि तिच्या पिलांवर गावकऱ्यांनी दगड फेकल्याच्या चित्रफिती प्रसारित झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत वन विभागाच्या एका वाहनचालकाने चित्त्यांना भांड्यातून पाणी पाजल्याचे दृश्य देशाने पाहिले आणि नियमभंगाबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. भीती आणि जिव्हाळा या दोन्ही प्रतिक्रिया एकाच परिसरातून उमटल्या. त्या मादीचे आफ्रिकेतील नाव ‘सियाया’ होते, लोकांकडून मागवलेल्या सूचनांनंतर ते ‘ज्वाला’ करण्यात आले. मुखी ही तिचीच मुलगी. नावे बदलून प्राणी आपलासा करण्याचा प्रयत्न समजण्यासारखा असला, तरी गावकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न वासराच्या भरपाईचा आणि ती किती दिवसांत मिळते याचा असतो.

माळरानाचे नाव काय?

चित्त्याच्या शब्दकथेत आणखी एक शब्द दडलेला आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. चित्ता हा घनदाट जंगलातील प्राणी नव्हे. खुरटी झुडपे, विरळ झाडे आणि गवताळ मोकळी जमीन हे त्याचे घर. काळवीट आणि चिंकारा हे त्याचे भक्ष्य. या जमिनीला मराठीत ‘माळ’ किंवा ‘माळरान’ असा सुंदर शब्द आहे. सरकारी दप्तरात मात्र तिची गणना बहुधा ‘पडीक जमीन’ अशी होते. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशांत झुडपी जमिनीचा मोठा भाग समाविष्ट आहे. एकदा जमीन पडीक ठरली, की तिच्यावर वृक्षारोपण करणे, कालवा नेणे, उद्योग वा सौर प्रकल्प उभारणे हा तिचा उद्धार समजला जातो. गवत हीच तिची संपत्ती आहे, असे म्हणणाऱ्याला तेथे फारसे कोणी ऐकून घेत नाही.

याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. सोलापूरजवळील नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य करण्यात आले. ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे, तो आता राज्याच्या माळांवर जवळपास दिसेनासा झाला आहे. काळवीट आणि लांडगे अजून तग धरून आहेत. त्यांचे अस्तित्व मेंढपाळांच्या चराऊ माळांशी जोडलेले आहे, जंगलांशी नव्हे. चित्ता प्रकल्पाच्या कृती आराखड्यात मोकळी वने आणि गवताळ प्रदेश यांचे संवर्धन हे एक उद्दिष्ट म्हणून नमूद आहे. वाघाच्या नावाने जशी जंगले वाचली, तशी चित्त्याच्या नावाने माळराने वाचावीत, असा त्यामागचा विचार आहे. हा विचार प्रत्यक्षात उतरला, तर आफ्रिकी की आशियाई हा वाद काहीसा दुय्यम ठरेल. तो उतरला नाही, तर कुंपणाआड आणि सतत देखरेखीखाली वाढलेले काही चित्ते एवढेच या खटाटोपाचे फलित असेल.

चित्रक हा शब्द प्राण्याच्या अंगावरील ठिपके पाहून घडला. तो प्राणी कोठे राहतो, काय खातो, हे शब्दाने कधी सांगितले नाही. त्यामुळेच तो बिबट्यालाही लागू पडला, आफ्रिकी चित्त्यालाही आणि प्राणी नामशेष झाल्यावर केवळ कायद्याच्या अनुसूचीतही टिकून राहिला. नाव टिकवण्यासाठी जमीन लागत नाही, प्राणी टिकवण्यासाठी लागते. कुनोतील पिलांची मोजदाद दर महिन्याला होईल. त्याबरोबरच देशातील किती हेक्टर माळरान ‘पडीक’च्या यादीतून बाहेर काढून संरक्षणाखाली आणले, याचा हिशेब केंद्र आणि राज्य सरकारांनी मांडायला हवा. चित्ता खऱ्या अर्थाने परतला की नाही, याचे उत्तर त्या आकड्यात मिळेल.